परब सिस्टरांची पिवळी पट्टी

परब सिस्टर दार कधी हाताने उघडत नसत. कोपराने ढकलत, नाहीतर कमरेने रेटत, आणि दार फारच जड असलं तर पाठ लावून उलट्या आत येत. दोन्ही हात छातीसमोर वर धरलेले, बोटं सुटी, ओली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, जाड भिंगांच्या चष्म्याची ही बाई मेंदी न वाळलेल्या नवरीसारखी वॉर्डभर हिंडायची. अकरा नंबरच्या खाटेवरच्या संदेशने त्यांचं नावच ‘नवरी’ ठेवलं होतं. “ए, नवरी आली, नवरी आली,” असं तो कुजबुजला की आख्खा वॉर्ड सरळ होऊन बसायचा. सिस्टरांना ते नाव माहीत होतं. एकदा त्याच्या खाटेपाशी थांबून म्हणाल्या, “मेल्या, नवरी म्हणतोस तर आहेर आण. साबण आण. मोठी वडी.”

ते रुग्णालय घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे कुठेतरी आहे, एका ट्रस्टचं, जुनं. नाव सांगत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते त्या इमारतीविषयी नाही. चार नंबरचा वॉर्ड म्हणजे पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. दोन रांगांत वीस खाटा, मधे सिस्टरांचं टेबल, दाराजवळ एक बेसिन. महासाथ ओसरून दोन-तीन वर्षं झाली होती. लोक मास्कला, सॅनिटायझरला, ‘अंतर ठेवा’ला इतके विटले होते की बेसिनवरचा ‘हात धुवा’ हा बोर्ड कोणी वाचत नव्हतं. त्याच्या खिळ्याला कोणाची तरी डब्याची पिशवी लटकलेली असायची. परब सिस्टर रोज सकाळी ती पिशवी काढून मालकाच्या उशाशी नेऊन ठेवत. दुसऱ्या दिवशी दुसरी पिशवी तिथे असे.

मी तिथे गेले ती बाबांमुळे. बाबा आयुष्यभर छापखान्यात होते. दिवसा लग्नपत्रिका छापत आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीने चळवळीची पत्रकं. विक्रोळीच्या आमच्या खोलीत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले तेच त्यांच्यावर. ‘जागे व्हा’, ‘जाब विचारा’, ‘सहन करणार नाही’ ही माझी बाराखडी. नववीत असताना मी पहिलं पत्रक लिहिलं, शाळेतल्या पाण्याच्या टाकीबद्दल, आणि टाकी आठवड्यात साफ झाली. तेव्हापासून माझी खात्री होती की नीट लिहिलेल्या एका कागदापुढे काहीही टिकत नाही.

बाबांच्या अंगठ्याला चपलेने घासून जखम झाली. साखर होतीच. चार महिने घरगुती उपाय झाले, मग पाय काळसर दिसायला लागला आणि आम्ही त्यांना दाखल केलं. पहिल्याच दिवशी परब सिस्टरांनी मला विचारलं, “घरातला गोळ्यांचा डबा आणलास?”

“कसला डबा?”

“प्रत्येकाच्या घरी असतो गो. बिस्किटाचा नाहीतर श्रीखंडाचा. त्यात उरलेल्या गोळ्या असतात. तो आण, मग आपण बोलू.”

ही त्यांची पद्धत होती. नवा रुग्ण आला की आधी त्याचा डबा. आमचा श्रीखंडाचा निघाला. सिस्टरांनी तो टेबलावर पालथा केला आणि तांदूळ निवडावेत तशा त्या अर्धवट पाकिटं निवडायला लागल्या. ताप-डोकेदुखीच्या एका बाजूला, पित्ताच्या दुसऱ्या, आणि अँटिबायोटिक समोर, रांगेत.

“बाबा, ही कधीची?”

“दिवाळीची. घसा धरला होता.”

“पाच दिवसांची होती. तुम्ही तीन दिवस खाल्लीत.”

“बरं वाटलं ना, सिस्टर.”

“आणि ह्या दोन?”

“पुढच्या वेळेला.”

अशा ‘पुढच्या वेळे’च्या सात पाकिटांची रांग झाली. सिस्टर म्हणाल्या, “साप अर्धा मारून सोडलात, बाबा. एकदा नाही, सात वेळा. आता तो तुमच्या काठीला भीत नाही.”

मला राग आला. बाबांना शाळेतल्या पोरासारखं उभं केलं म्हणून. मी म्हटलं, “डॉक्टरकडे जायचं तर अर्ध्या दिवसाचा खाडा होतो. केमिस्ट दोन मिनिटांत गोळ्या देतो, चिठ्ठीसुद्धा मागत नाही. दोष माणसाचा नाही सिस्टर, व्यवस्थेचा आहे.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. पण म्हणाल्या, “खरं आहे तुझं. शंभर टक्के खरं. पण जंतूला व्यवस्था कळत नाही. मेलो की जगलो, एवढंच त्याला कळतं.”

मग गोळ्या एका पिशवीत भरून त्यांनी आपल्या कपाटात टाकल्या आणि जाता जाता मला एक वाक्य सांगितलं. पुढे ते मी त्यांच्या तोंडून निदान वीसदा ऐकलं असेल. “माझं इथलं काम एकच. जो जंतू ज्याच्याबरोबर आला, तो त्याच्याबरोबरच बाहेर गेला पाहिजे. शेजारच्या खाटेवर उतरता नये.”

हे काम त्या कोणाचीही भीड न ठेवता करत. वॉर्डात मोठे सर्जन राउंडला येत. मागे ज्युनियरांची रांग. सहा नंबरची जखम बघून सर सात नंबरकडे वळले की मधल्या फटीत परब सिस्टर उभ्या. हातात सॅनिटायझरची बाटली. तोंडाने एकच शब्द : “हात.” सर हात पुढे करत. सातवरून आठवर जाताना पुन्हा, “हात.” एकदा सर वैतागून म्हणाले, “सिस्टर, तुमच्यामुळे माझ्या हातावरची भाग्यरेषा पुसून गेली.”

“नशीब पेशंटचं बघायचं सर, तुमचं चांगलंच आहे,” सिस्टर म्हणाल्या, आणि बाटली दाबली. ज्युनियर खाली बघून हसले. सरही हसले. पण दहा नंबरला त्यांनी स्वतःहून हात पुढे केला.

संदेशला हा खेळ फार आवडायचा. डिलिव्हरीची बाइक घसरून त्याची नडगी मोडली होती, आत सळी बसवली होती. दोन आठवड्यांत घरी जायचा होता. राउंड संपला की तो घोषणा करायचा, “आजचा स्कोर : नवरी चौदा, डॉक्टर शून्य!” मला तो ताई म्हणायचा, बाबांना काका. दोघं मिळून शब्दकोडं सोडवत. बाबांना आडवे शब्द यायचे, त्याला उभे.

बाबांच्या जखमेतला पू तपासायला पाठवला होता. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’. म्हणजे ह्या औषधाने हा जंतू मरत नाही. शेवटची दोन तेवढी उरली होती, महागडी, मूत्रपिंडाला जड, शिरेतून द्यायची. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी मी आले तेव्हा एवढंच दिसलं : बाबांची खाट रांगेतून काढून कोपऱ्यात, खिडकीशी नेली होती. खाटेच्या दांड्याला पिवळ्या कापडाची पट्टी बांधली होती. खाली वेगळी बादली, वेगळा मग, वेगळं पॉट. बीपीचा पट्टासुद्धा वेगळा, तिथेच लटकवलेला. जेवण देणारी मावशी इतरांना वाढून झाल्यावर सगळ्यात शेवटी बाबांकडे आली आणि ताट लांबूनच स्टुलावर ठेवून गेली. समोरच्या कोपऱ्यात आणखी एक पिवळी पट्टी होती. त्या खाटेवरचे म्हातारे आमच्या ओळखीचे, आमच्याच विहारात येणारे.

वीस खाटा. दोन पिवळ्या पट्ट्या. दोन्ही आमच्या माणसांना.

मी सिस्टरांच्या टेबलापाशी गेले. “माझ्या बाबांना कोपऱ्यात का टाकलंय?”

त्या काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नियम आहे.”

“कसला नियम?”

“इन्फेक्शनचा. काळजीचं काही नाही. तू हात धू आणि बस त्यांच्याजवळ.”

ह्यापेक्षा वाईट शब्द त्यांना सापडला नसता. नियम. वेगळा मग, वेगळी जागा, शेवटी वाढलेलं ताट, लांबून ठेवलेलं, आणि विचारलं तर नियम. आमच्या मागच्या सगळ्या पिढ्यांना हेच एक उत्तर मिळालेलं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, उत्तर मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पत्रक फाटकावर वाटलं जात होतं. ‘वॉर्ड नंबर चारमध्ये शिवाशिव!’ लेख माझा, छपाई बाबांच्या जुन्या छापखान्यातली. चांगलं पत्रक होतं ते. आजही वाचलं तर हात शिवशिवतात. संध्याकाळपर्यंत फाटकावर पन्नास-साठ माणसं जमली, कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून पुढे पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशासकांनी हुकूम काढला. चौकशी होईपर्यंत सगळ्या पट्ट्या काढा, वेगळी भांडी बंद करा, खाटा पूर्वीच्या जागी न्या.

बाबांची खाट मी स्वतः ढकलली. कोपऱ्यातून पुन्हा रांगेत, बारा नंबरच्या जागी, संदेशच्या शेजारी. वॉर्डातल्या काही नातेवाइकांनी टाळ्या वाजवल्या. संदेश म्हणाला, “वेलकम बॅक काका! व्हीआयपी कोपरा सोडून आमच्यात आलात, झकास!” बाबा मात्र माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या बाईंना नीट विचारलं होतंस ना गं?” मी म्हटलं, “विचारलं होतं. नियम म्हणाल्या.”

परब सिस्टर बेसिनपाशी हात वर धरून उभ्या होत्या. माझं पत्रक त्यांनी वाचलेलं होतं, चौघडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलेलं मला दिसत होतं. मला वाटलं भांडतील, रडतील, निदान खुलासा करतील. त्या एवढंच म्हणाल्या, “चाकं पुसून घे. त्या कोपऱ्यातनं आलीत.”

मी चाकं पुसली नाहीत.

दोन दिवसांनी त्या माझ्याजवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, “पट्टी जाऊ दे. पण बाबांचं पॉट आणि मग तेवढा वेगळा ठेव. आणि त्यांचं करून झालं की दुसऱ्या कोणाला हात लावू नको. एवढं ऐक माझं.” मी म्हटलं, “लेखी द्या.” लेखी देण्याची त्यांना चौकशी चालू असेपर्यंत मनाई होती, आणि ते मला माहीत होतं. त्या कोपराने दार ढकलून निघून गेल्या. पुढचे दिवस त्या ड्युटी संपली तरी घरी जात नसत. बीपीचा पट्टा स्वतः पुसत, फरशी पुसणाऱ्या मावशीच्या मागे मागे फिरून बारा नंबरच्या खालचं पाणी बदलायला लावत. सगळं मुकाट्याने, चोरी करावी तसं. मला ती खुन्नस वाटत होती.

संदेशची आई घरकाम करायची, संध्याकाळीच यायची. त्यामुळे दिवसभर मी दोघांचंही करायचे. बाबांची उशी सारखी केली की वळून संदेशची चादर झटकायची. बाबांच्या मगातून त्याला पाणी द्यायचं. त्याच्या पायाखालची उशी उचलून पुन्हा नीट ठेवायची. कोड्याचा कागद आणि पेन ह्या खाटेवरून त्या खाटेवर. दोन खाटांमधे हात धुवायला मी एकदाही उठले नाही. त्याला मी एकजूट म्हणत होते.

खाट परत रांगेत आणल्यापासून नवव्या दिवशी संदेशला थंडी वाजून ताप आला. टाक्यांमधून पाणी यायला लागलं. रिपोर्ट आला तेव्हा मी टेबलापाशीच उभी होते. तीच यादी, जवळजवळ सगळ्यांपुढे ‘आर’, शेवटची तीच दोन उरलेली. मोठ्या सरांनी तो कागद दोनदा वाचला. परब सिस्टरांनी मान फिरवली आणि खिशातून पिवळी पट्टी काढली. इतके दिवस ती त्यांच्या खिशात होती. अकरा नंबरच्या दांड्याला त्यांनी ती बांधली. त्यांना कोणी अडवलं नाही. मीही नाही.

बाबांचा अंगठा गेला, पाय वाचला. ती दोन औषधं त्यांच्यावर चालली. संदेशच्या बाबतीत जंतू सळीपाशी जाऊन बसला होता, तिथे औषध पोचत नव्हतं. आधी सळी काढली. मग दोनदा हाड खरवडलं. सहा आठवड्यांनी गुडघ्याच्या वरून पाय कापला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

ज्या दिवशी ते ऑपरेशन झालं त्या दुपारी मी जिन्याखालच्या बाकावर बसले होते. परब सिस्टर आल्या, हात धुतलेलेच होते, आणि शेजारी बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

मी म्हटलं, “माझ्यामुळे झालं.”

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, समजूत काढू नका.”

“मी कोणाची समजूत काढत नाही, चेडवा. माहीत नाही म्हणजे माहीत नाही. तुझ्या हातानं गेलं असेल. मावशीच्या फडक्यानं गेलं असेल. एखाद्या डॉक्टरच्या बाहीनं गेलं असेल. पट्टी असती तर थांबलंच असतं, असंही मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण पट्टी असायला हवी होती. एवढं मात्र माहीत आहे.”

मग त्या आपल्या नखांकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, “तुझा कागद वाचून मी तुझ्यावर रागावू शकले नाही, ते का, सांगू? आमच्या गावी, कुडाळच्या पलीकडे, माझी आजी तुमच्या लोकांना वरून पाणी ओतायची. ओंजळीत. तांब्या टेकू द्यायचा नाही. सात-आठ वर्षांची असताना तिनं तो तांब्या माझ्या हातात दिला, म्हणाली, आज तू ओत. मी ओतला. समोरची बाई माझ्या आईच्या वयाची होती. तुझा कागद वाचताना त्या तांब्याचं वजन हातात आलं माझ्या. म्हटलं, ही पोरगी चुकलीय, पण तिला असं वाटण्यात तिची चूक नाही.”

“मग सांगितलं का नाहीत? नियम आहे एवढंच का म्हणालात?”

“ते माझं चुकलं,” त्या लगेच म्हणाल्या. जणू हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून थांबल्या होत्या. “आधी मी सांगायची. सगळं सांगायची, जंतूचं नाव, यादी, सगळं. एकदा असाच एक म्हातारा होता. त्याच्या मुलांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं आलीच नाहीत. फोन बंद. सोडायचा दिवस आला तरी कोणी न्यायला येईना. तो रोज दाराकडे बघायचा. तेव्हापासून मी ठरवलं, सांगायचं नाही, नुसतं काम करायचं. म्हटलं, भीती पसरण्यापेक्षा नियम बरा. माझ्या डोक्यात आलंच नाही की कोणाच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय असेल.”

त्या उठल्या. उठताना सवयीने दोन्ही हात वर धरले. दोन पायऱ्या चढून थांबल्या. “तू लिहितेस चांगलं,” म्हणाल्या. “आता हे लिही. लोकांना कळेल असं. घाबरणार नाहीत असं. मी तपासून देईन.”

त्यांची सकाळची ड्युटी दोन वाजता संपायची. पुढचा महिनाभर आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या टेबलाशी मसुदा घेऊन बसायचे. माझ्या लेखनाला इतकी कठोर वाचक पुन्हा मिळाली नाही. मी लिहिलं होतं, ‘हा क्रूर, अदृश्य शत्रू’. त्यांनी क्रूर खोडलं, शत्रूही खोडलं. “क्रूर कसला? तो जगतो आपला. जंतू लिही.” मी लिहिलं होतं, ‘औषध कंपन्यांच्या नफेखोरीमुळे’. त्या म्हणाल्या, “हे खरं असेल. पण हे वाचून सात नंबरचा भाऊ हात धुणार आहे का?” मी हट्टाने ते वाक्य ठेवलं. त्यांनी हट्टाने ते शेवटच्या पानावर नेलं. चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊ नका असं त्यांनी घातलं, तेव्हा मी अडून बसले की चिठ्ठी मिळायला दवाखाना संध्याकाळी उघडा हवा, हेही घाला. त्यांनी विचार केला आणि घातलं. “हे बरोबर आहे. हे मी विसरले असते.”

शेवटचं वाक्य सर्वस्वी त्यांचं : ‘पिवळी पट्टी का आहे, हे कोणीही विचारावं. विचारणाऱ्याला बसवून सांगणं हे आमचं काम आहे.’

प्रशासकांनी ते पत्रक छापायला नकार दिला. असा जंतू इथे आहे हे छापील कबूल केलं तर रुग्णालयाचं नाव जाईल, असं त्यांचं म्हणणं. चौकशीचा निकाल असा लागला की कोणाचाच दोष नाही, आणि ज्यांचा दोष नव्हता त्या परब सिस्टरांची बदली खाली बाह्यरुग्ण विभागात झाली, जखमांच्या पट्ट्या बदलण्याच्या खोलीत. चार नंबरला नवी सिस्टर आली. ती तरुण होती, चांगली होती, पण मोठ्या सरांसमोर बाटली घेऊन उभं राहण्याचं वय तिचं नव्हतं. बदलीविरुद्ध मी पत्रक लिहायला घेतलं. सिस्टर म्हणाल्या, “गप रव गो. माझ्यासाठी एक अक्षर लिहायचं नाही. तुझ्या त्या कागदाचं आधी पूर्ण कर.”

ते जंतूचं पत्रक मीच बाबांच्या छापखान्यात छापून घेतलं. पहिली प्रत संदेशला दिली. तो तेव्हा कुबड्यांवर चालायला शिकत होता. त्याने ती उभ्या उभ्या, भिंतीला टेकून, पूर्ण वाचली. घडी घालून खिशात ठेवली. म्हणाला, “भारी लिहिलंयस ताई. हे आधी लिहायचं ना.”

तो रागाने बोलला नाही. कोड्यातला एखादा शब्द सुटल्यावर बोलावं तसं बोलला.

पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ आणि मोठा पुष्पगुच्छ दिला. तो घेऊन त्यांना चार नंबरला एकदा जाऊन यायचं होतं. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. फुलं वॉर्डात न्यायची नाहीत हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी गुच्छ बाहेर खिडकीत ठेवला, हात धुतले आणि पाठीने दार रेटून आत गेल्या. हे मला बाबांनी सांगितलं. ते त्या दिवशी तपासणीसाठी गेले होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर महिन्याभराने. त्या कायमच्या गावी निघणार होत्या, म्हणून त्यांच्याकडे ठेवलेल्या पत्रकांचे उरलेले गठ्ठे परत न्यायला त्यांनी मला बोलावलं होतं. रुग्णालयासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे मी रिक्षातून उतरले आणि पाहिलं, तर परब सिस्टर फाटकाशी उभ्या होत्या. साध्या सुती साडीत, खांद्याला पर्स, हातात आमची पत्रकं. पन्नाशी-साठीच्या बाईने रस्त्यात उभं राहून कागद वाटायचे म्हणजे काय ते मला माहीत आहे. लोक हात पुढे करत नाहीत. केला तर न वाचता घेतात आणि चार पावलांवर टाकतात. सिस्टरांना ते माहीत नव्हतं. प्रत्येकाला त्या थांबवून काहीतरी सांगत होत्या. बहुतेक जण मान हलवून पुढे जात होते. एका माणसाने कागदाचा बोळा करून फाटकाच्या आत टाकला. एका बाईने त्यावर वडापाव ठेवला.

थोड्या वेळाने सिस्टर खाली वाकल्या आणि पडलेले कागद गोळा करायला लागल्या. एकेक उचलून, झटकून, सरळ करून. सगळे झाल्यावर गठ्ठा काखेत मारला आणि आपल्या हातांकडे पाहिलं. मग दोन्ही हात छातीसमोर वर धरले, बोटं सुटी ठेवून, आणि त्या रुग्णालयाच्या दाराकडे निघाल्या. नळ आत होता.

मी हाक मारणार होते. पण तेवढ्यात दार आतून उघडलं. संदेश होता, कृत्रिम पायाच्या मापासाठी आलेला असणार. त्याने त्यांना पाहिलं, कुबडी पुढे करून दार अडवून धरलं, आणि काहीतरी बोलला. रस्त्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. सिस्टर हसल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं असावं, कारण उजवा हात तेवढा थोडा पुढे गेला, आणि तिथेच थांबला.

तो हात त्यांनी मागे घेतला आणि, पुन्हा दोन्ही हात वर धरून, त्याला न शिवता आत गेल्या.